विमान हवेत असेपर्यंत

विनयाच्या घरात विमान उडालं की देव पाण्यात जायचे.

आपण बोलताना सहज म्हणतो, अमकीने मुलाच्या निकालासाठी देव पाण्यात घातलेत. ते म्हणण्यापुरतंच असतं. रेठरेकरांकडे ते खरोखर घडायचं. पद्माकर रेठरेकर विमानात बसायचा, दार लागलं की बायकोला फोन करायचा, "बंद करतोय." एवढं बोलून फोन बंद. मग विनया देवघरातले गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शाळिग्राम उचलून तांब्याच्या घंगाळात बुडवायची आणि समोर पाटावर बसायची. तो उतरून "पोचलो" म्हणेपर्यंत देव पाण्यात आणि विनया पाटावर. फोन आला की देव बाहेर काढायचे, पुसायचे, गंध लावायचं आणि मिरजेला सासूला कळवायचं.

ही प्रथा सासूबाईंची, चंद्रप्रभाबाईंची. लेक पहिल्यांदा विमानात बसला तेव्हा त्यांनी घाबरून लग्नातल्या घंगाळात देव ठेवले होते. विमान सुखरूप उतरलं, तेव्हा हे देवांमुळेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. विनया सून होऊन आली त्याच आठवड्यात ते घंगाळ त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं आणि आता हे तुझं काम म्हणाल्या. घंगाळ चांगलं मोठं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. मिरजेहून पुण्याला आणि पुण्याहून गुरुग्रामच्या सोळाव्या मजल्यावर आलं, तरी त्याचं काम तेच राहिलं.

पद्माकर पंपांच्या कंपनीत विक्रीचा मोठा साहेब. आठवड्यातून तीनदा विमान. त्यामुळे विनयाला अंतरं आणि वेळा पाठ झाल्या होत्या, शाळेत पाढे पाठ होते तशा. दिल्ली ते पुणे साडेअकराशे किलोमीटर, तिकिटावर दोन तास दहा मिनिटं. गुवाहाटी साडेचौदाशे, जाताना दोन तास वीस. येताना मात्र अर्धा तास जास्त. अंतर तेच आणि वेळ जास्त कसा, म्हणून सुरुवातीला तिला वाटायचं, हा उतरून कुठेतरी जातो आणि उशिरा फोन करतो. मग कधीतरी मासिकात वाचलं की वरच्या हवेत पश्चिमेकडून वारा असतो, येताना विमान त्याच्या तोंडावर येतं. तिने मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली. अशी ती होती. सगळ्यांत लांबचं कोइम्बतूर. पंपांचं गावच ते. साडेएकोणीसशे किलोमीटर, तीन तास पाच मिनिटं.

या वेळा पाठ व्हायला दुसरंही कारण होतं. हॉलमध्ये पद्माकरने कॅमेरा लावला होता. चोरांसाठी, असं म्हणायचा. पण कॅमेऱ्याचं तोंड देवघराकडे आणि दाराकडे. ऑफिसात बसून तो फोनवर बघायचा. विनया दुपारी आडवी झाली की फोन वाजायचा, कितीदा झोपतेस. तिचा फोन कुठे फिरतो ते त्याला त्याच्या फोनवर दिसायचं. सोसायटीच्या गेटमधून कोणी आत येणार असेल, तर परवानगी त्याच्या फोनवर मागितली जायची. दिवसात कुठलीही घटका अशी नव्हती, की जिच्यात तो बघत नसेल असं तिला खात्रीने म्हणता येईल. फक्त विमान हवेत असताना. तेवढा वेळ त्याचा फोन मेलेला, आणि मागचं रेकॉर्डिंग उलटून बघायचा त्याला कंटाळा.

तो वेळ तिने हळूहळू स्वतःकडे वळवून घेतला. पहिली काही वर्षं ती खरोखर पाटावरून हलायची नाही. मग एकदा रामरक्षा म्हणून झाल्यावर खाली गेली, गेटसमोरच्या गाडीवर मसाला लावलेला पेरू घेतला आणि बाकावर बसून खाल्ला. कोणी काही म्हटलं नाही. देव पाण्यात शांत होते. पुढे ती पुण्याच्या मावसबहिणीशी, क्षिप्राशी, त्या वेळातच बोलू लागली. तिकिटावरची वेळ संपायच्या अर्धा तास आधी पाटावर परत.

आता माराचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे काहीच कळणार नाही.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात पहिली थप्पड बसली, ती कोशिंबिरीत मिरची जास्त झाली म्हणून. पुण्यात शेजारीपाजारी सगळे आपलेच, म्हणून जरा आवरून असायचा. गुरुग्रामला आल्यावर ते आवरणंही गेलं. त्या पहिल्या थपडेनंतर तोंडावर कधी मारायचा नाही. लॅपटॉपच्या चार्जरची वायर दुहेरी करून पाठीवर, मांडीवर मारायचा. दौऱ्यावरून यायचा तेव्हा लिफ्टपासून दारापर्यंत बॅगेची चाकं वाजायची. त्या आवाजावरून विनयाला कळायचं, आज कसा आलाय. चाकं सरळ वाजली तर बरं. बॅग आपटत आली तर ती आधी गॅस बंद करायची, कारण एकदा उकळतं वरण अंगावर सांडलं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, ऊपर रोज फर्निचर कौन खिसकाता है. पद्माकरने उत्तर दिलं, सॉरी जी, वाइफ को सफाई का शौक है. सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली.

मूलबाळ नव्हतं. आई-वडील गेलेले. देवाला मात्र ती रोज नियमाने फुलं वाहायची, आणि मागायची ते एवढंच, की यांचा राग कमी कर.

मेच्या शेवटी एक दिवस पद्माकर पुण्याहून परत येत होता. दीडला विमान सुटलं, तीन चाळीसला उतरायचं. साडेतीनला गुरुग्रामवर आभाळ पिवळं झालं, मग मातकट झालं, आणि असा वारा सुटला की बाल्कनीतली तुळस कुंडीसकट आडवी झाली. टीव्हीवर खाली पट्टी आली, वादळामुळे विमानं उतरत नाहीत, वर घिरट्या घालताहेत. पावणेचार झाले. फोन नाही. विनया घंगाळासमोर बसली होती आणि ओठांवर रामरक्षा होती.

आणि त्या रामरक्षेच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. पडू दे.

आपण काय मागितलं हे तिला शब्द उमटल्यावर कळलं. एकदा नव्हे, ती तीन-चारदा म्हणून गेली होती. पडू दे, पडू दे. पाण्याच्या तळाशी बाळकृष्ण हसऱ्या तोंडाने रांगत होता. विमानात एकशेऐंशी माणसं. लेकरं असतील, बाळंतपणाला माहेरी निघालेली कोणी असेल. हे असलं मागणं ज्यांना ऐकवलं, त्यांना पाण्यात ठेवून आपण समोर बसायचं कुठल्या तोंडाने? तिने घाईघाईने देव बाहेर काढले, पदराने पुसले, जागेवर ठेवले, आणि फरशीवर डोकं टेकून माफी मागत राहिली. घड्याळात तीन छप्पन्न झाले होते. विमान हवेतच होतं.

चार वाजता मिरजेहून चंद्रप्रभाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी टीव्ही बघितला होता. देवघर दाखव म्हणाल्या. विनयाने दाखवलं. देव कोरडे. त्यांनी फोन ठेवून दिला.

विमान शेवटी जयपूरला उतरलं, वादळ निवल्यावर दिल्लीला आलं. सातच्या सुमाराला चाकं वाजली. बॅग आपटत येत नव्हती, सरळ येत होती. विनयाला वाटलं, देवाने ऐकलं, जिवावरचं टळल्यामुळे माणूस निवळला.

पद्माकरने बूट काढले, हात-पाय धुतले, शर्ट बदलला. मग स्वतः घंगाळ उचलून न्हाणीघरात नेलं, नळाखाली भरलं आणि सांभाळून आणून देवघरासमोर ठेवलं.

"आईचा फोन जयपूरलाच आला," तो म्हणाला. "टॅक्सीत कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. तीन छप्पन्न. त्या वेळी आम्ही वर होतो. पायलटने अकरा फेऱ्या मारल्या. मी मोजल्या. दर फेरीला खाली त्याच कारखान्याचं निळं छत दिसत होतं. शेजारचा माणूस ओकत होता. आणि तू देव बाहेर काढून मोकळी झालीस."

मग त्याने तिच्या मानेमागून केस धरले आणि तोंड घंगाळात दाबलं.

"एक," तो म्हणाला.

पाणी नाकातून थेट कपाळात चढलं. वर काढलं तेव्हा तिने एक श्वास घेतला, अर्धाच, आणि तो म्हणाला, दोन. घंगाळाची कड हनुवटीखाली रुतत होती. तिसऱ्या वेळेला कातडी फाटली आणि पाणी तांबूस झालं. ती हात मारत होती, काठ धरून उठायला बघत होती. पाचव्या वेळेला त्याने गुडघा तिच्या पाठीत रोवला. सातव्या वेळेला तिने झगडणं सोडलं. तसं सोडल्यावर छातीतलं दुखणं कमी झालं, हे तिला चांगलं आठवतं. नवव्याला डावा हात काठावरून निसटून जमिनीवर पडला, आणि नेमका त्याचा पाय मनगटावर आला. त्याने तो काढला नाही. हाड मोडल्याचा आवाज तिला पाण्यातही ऐकू आला. दहा. अकरा.

मग टॉवेलने हात पुसून त्याने आईला फोन केला आणि सांगितलं, "झालं. तू आता जेवून घे." आणि विनयाला म्हणाला, वरणभात कर, बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय.

तिने केला. उजव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरला न्हाणीघरात पाय घसरल्याचं सांगितलं. कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. आता हे ऐकून कोणालाही नवल वाटेल, पण प्लास्टर घेऊन घरी येताना विनयाच्या मनात राग नव्हता. तिला वाटत होतं, शिक्षा बरोबर मिळाली. याला कारण माहीत नाही, याने मी देव बाहेर काढले म्हणून मारलं. पण मी मागितलं काय होतं ते देवाला माहीत आहे. अकरा वेळा म्हणजे कमीच.

हे तिच्या डोक्यातून काढलं द्वारका साळुंखेने.

द्वारका साताऱ्याकडची. तिचा नवरा हिंदुराव सैन्यात हवालदार, दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टर. ती काळा मसाला आणि थालीपिठाची भाजणी करून मराठी घरांमध्ये पोचवायची. मंडळाच्या हळदीकुंकवात विनयाची ओळख झाली होती. पद्माकरला तिचा मसाला आवडायचा, म्हणून गेटवर तिच्यासाठी त्याने कायमची परवानगी देऊन ठेवली होती. तोंडाने फटकळ. गुरुग्रामच्या बायका मसाल्यात तिखट कमी घालायला सांगतात, म्हणून त्यांना ती बिनमिठाच्या म्हणायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पद्माकर चंदीगडला उडालेला असताना ती आली. देव पाण्यात होते. तिने प्लास्टर बघितलं, हनुवटीखालचे टाके बघितले, आणि न्हाणीघर कुठाय ते दाखवा म्हणाली. जाऊन फरशीवर पाय घासून आली. फरशी खडबडीत होती.

"हितं कोन घसरतंय?" ती म्हणाली.

मग विनया बोलली. माराचं तिने दोन वाक्यांत उरकलं. जे सांगताना तिला रडू फुटलं ते मागण्याचं होतं. "द्वारकाताई, मी विमान पडावं म्हणून देवाला मागितलं. आत एकशेऐंशी माणसं होती."

द्वारकाने घंगाळातल्या देवांकडे बोट केलं.

"त्यानं ऐकलं?"

"नाही."

"मग तो शहाणा हाय. आता तुमी शहाण्या व्हा." तिने भाजणीची पिशवी बाजूला सरकवली. "वैनी, मानूस बुडाया लागलं की हाताला लागंल ते धरतंय. तुमी इमान धरलं. पर म्होरल्या टायमाला परत त्येच मागशिला. आन् परत. एखाद्या दिशी खरंच काय झालं, तर जल्मभर सवताला खाऊन टाकशिला. तवा तुमच्यासाठी नगं, त्या एकशेऐंशीसाठी तरी निघा हितनं."

स्वतःसाठी निघ, असं क्षिप्राने तिला दहा वर्षं सांगितलं होतं. ते विनयाच्या आत कधी उतरलंच नव्हतं. हे उतरलं.

बेत साधाच होता. जूनच्या शेवटी पद्माकरचं कोइम्बतूर होतं, सकाळी नऊ पन्नासचं विमान. बारा पंचावन्नपर्यंत तो मेलेला. विनयाचं पुण्याचं विमान बारा वाजताचं. ती दोन दहाला उतरेल, क्षिप्रा घ्यायला येईल. तो कोइम्बतूरला उतरून फोन लावेल तेव्हा विनया हवेत असेल. त्याच्या आणि तिच्या मध्ये दीड हजार किलोमीटर असतील, आणि त्याला परत दिल्लीच गाठायची म्हटली तरी तीन तास. घरी येणारी गाडी बोलावली तर गेटची नोंद त्याच्या फोनवर जाईल, म्हणून चालत बाहेर पडायचं. पलीकडच्या दुधाच्या बूथपाशी द्वारका टॅक्सी घेऊन उभी राहील. तिकीट क्षिप्रा काढणार, पण आदल्या दिवशी पाठवायचं नाही, कारण पद्माकर रोज फोन उघडून बघायचा. नऊ पन्नासनंतरच पाठवायचं. तिकीट फोनवर, म्हणून फोन जवळ ठेवणं भाग होतं. तो तिने विमानात बसल्यावर बंद करायचा.

विनयाने ही गणितं पाटावर बसून शंभरदा तपासली. सगळी बरोबर होती. एक सोडून. "बंद करतोय" म्हटलं की विमान उडालं, असं तिने सोळा वर्षं धरलेलं होतं. देव त्याच क्षणाला पाण्यात जायचे ना. पण दार लागतं आणि विमान उडतं, यांच्या मध्ये दिल्लीच्या धावपट्टीपाशी रांग असते. विमान कुठे आहे ते दाखवणारी ॲपं असतात म्हणे, पण तिच्या फोनमध्ये काय असावं ते पद्माकर ठरवायचा. आणि तिला हेही ठाऊक नव्हतं, की मेपासून पद्माकर फोन बंद करत नव्हता. बंद करतोय म्हणून सांगायचा, आणि विमान रांगेत असेपर्यंत कॅमेऱ्यात बघत बसायचा, बायको देव पाण्यात घालते की नाही.

त्या दिवशी फोन आला. "बंद करतोय." विनयाने बरं म्हटलं.

ती देवघरापाशी गेली. घंगाळ भरून तयार होतं. गणपती हातात घेतला, आणि तिथे तिचा हात थांबला. आता पाण्यात घातले तर बाहेर कोण काढणार? आपण तर परत येणार नाही. हा घरी येणार कधी, काढणार की तसाच राहू देणार? देव कायमचे बुडलेले ठेवून घर सोडायचं, हे तिच्याने होईना. तिने गणपती परत जागेवर ठेवला. चौघांना ताजी फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, समई लावायचा मोह आवरला, कारण घरात कोणी नसताना ज्योत नको. उजव्या हाताने नमस्कार केला, पिशवी खांद्याला लावली आणि दार ओढून घेतलं.

देव पाण्यात घातले असते तर तेवढं बघून पद्माकरने फोन बंद केला असता. फुलं वाहिलेले कोरडे देव, रिकामा पाट आणि दाराबाहेर जाणारी पाठ त्याने उडण्याच्या रांगेत, नवव्या नंबरावर बसून बघितली. नऊ सत्तावन्नला.

त्याने आरडाओरडा केला नाही. हवाई सुंदरीला बोलावून स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं, बहुत दर्द हो रहा है. विमान रांगेतून बाहेर काढून परत आणलं. डॉक्टर आले. खाली उतरल्यावर त्याने सांगितलं, आता बरं वाटतंय, गॅस असेल, आणि कागदावर सही करून बाहेर पडला. तेवढ्या वेळात फोनवर त्याला बायकोचा ठिपका दिसत होता. ठिपका हायवेला लागला. मग विमानतळाच्या वळणाला लागला. त्याला कुठे जावंच लागलं नाही. लिफ्टने एक मजला वर, प्रस्थानाच्या दारापाशी येऊन तो उभा राहिला.

विनया टॅक्सीत रामरक्षा म्हणत होती. तिच्या हिशेबाने पद्माकर एव्हाना ग्वाल्हेरच्या पुढे गेला होता. द्वारका तिला समजावत होती, की विमानात खिडकीची जागा मिळाली तरी बाहेर बघू नका, भोवळ येते. स्वतः द्वारका कधी विमानात बसली नव्हती.

दहा चाळीसला त्या उतरल्या. विनयाने फोनवर तिकीट उघडलं, आधारकार्ड हातात घेतलं आणि मान वर केली. समोर पद्माकर.

क्षणभर तिला वाटलं, विमान पडलं आणि हा त्याचा आत्मा.

"चल," तो हसून म्हणाला. "गाडी करतो. घरी चल."

त्याने तिच्या मानेमागून केस धरले, अगदी तसेच. बघणाऱ्याला वाटावं, बायकोच्या खांद्यावर हात टाकलाय. बोटं मुळांपाशी पिळली आणि तिला ओढत चालवायला लागला. तिच्या कानाशी म्हणाला, "आज मोजणार नाही." विनयाचे पाय आपोआप चालू लागले. सोळा वर्षांची सवय. ट्रॉल्या ढकलणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

द्वारकाने त्याच्या दंडाला धरलं. सोडा वैनींना, म्हणाली. त्याने मागे न बघता कोपर मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. द्वारका कठड्यावर आपटली आणि तिच्या ओठातून रक्ताची धार लागली.

ती धार विनयाने बघितली. नंतर ती एवढंच सांगू शकली, की माझ्यासाठी दुसऱ्या कोणाचं रक्त येतंय हे मला सहन झालं नाही. तिने प्लास्टरचा हात वर उचलला आणि पद्माकरच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडलं. केस सुटले. तो दोन्ही हातांनी नाक धरून वाकला, तशी तिने डोक्यावर घातला. मग कानावर. प्लास्टर तडकलं, आतल्या हाडातून कळ डोक्यापर्यंत गेली, तरी ती मारत राहिली. तो गुडघ्यांवर आला. माणसं आता मात्र थांबून बघत होती, दोघा-तिघांनी फोन वर धरले होते.

तिला मागून कोणीतरी कव घालून उचललं. दारावरच्या सुरक्षा दलाची जवान होती, छातीवर ममता नावाची पट्टी. दुसऱ्या जवानाने पद्माकरला धरलं. रक्त गळत असतानाही तो शुद्ध हिंदीत सांगत होता, की ही माझी पत्नी आहे, डोक्याने बरी नाही, औषधं चालू आहेत, मी तिला घरी नेत होतो.

आणि ते पटण्यासारखं होतं. चांगल्या कपड्यांतला माणूस रक्तबंबाळ, आणि बायको तुटक्या प्लास्टरने उभी, दातखीळ बसलेली. पोलिसांच्या चौकीत बसवल्यावर फौजदाराने पहिला प्रश्न तिलाच विचारला, मारा क्यों. विनयाला पहिल्यांदा कळलं, की आता आपलं जाणंच नव्हे, घरी नेऊन सोडणंही या पोलिसांच्या हातात आहे. हिची औषधं चालू आहेत असं यांनी मानलं, तर हे मला त्याच्या हवाली करतील.

द्वारका ओठाला रुमाल लावून मध्ये बोलायला गेली. तिला गप्प बसवलं. ममता मात्र म्हणाली, सर, आधी कॅमेरा बघा, मी दारातून बघितलं, आधी यांनी हिचे केस धरले. कॅमेरा बघितला गेला. मग विमान कंपनीचा माणूस आला आणि त्याने सांगितलं, की हे गृहस्थ तासाभरापूर्वी छातीत दुखतं म्हणून विमान परत आणून उतरले आहेत. फौजदाराने पद्माकरकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. त्याला मलमपट्टीसाठी दुसऱ्या खोलीत नेलं, दाराशी शिपाई उभा केला, आणि फोन काढून घेतला.

साडेअकरा झाले होते. फौजदार घड्याळ बघून म्हणाला, "मॅडम, आपकी फ्लाइट बारह की है. छोटा सा बयान दे दीजिए और निकलिए. मैं लिख देता हूँ, पति ने दो-चार थप्पड़ मारे."

द्वारकानेही तेच म्हटलं. जावा वैनी, पुन्यात बसून काय लिवायचं ते लिवा.

विनया उठली. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. दोन तास दहा मिनिटांत क्षिप्राच्या घरी. आणि मग? तो मलमपट्टी करून संध्याकाळच्या विमानात बसेल. त्यालाही पुणे दोन तास दहा मिनिटांवरच आहे. दो-चार थप्पड़ एवढ्यावर त्याला कोण अडवणार?

ती परत येऊन खुर्चीवर बसली.

"दो-चार नहीं," ती म्हणाली. "आप लिखिए, मैं बताती हूँ. सुरू से."

फौजदाराने फ्लाइटची आठवण करून दिली. तिने नकारार्थी मान हलवली. ममताने पाण्याचा ग्लास तिच्यासमोर ठेवला, पण तिने तो बाजूला सरकवला. मोडका हात मांडीवर घेऊन ती सांगू लागली. कोशिंबीर, पुण्याचं घर, चार्जरची वायर, वर्ष, महिना, कुठला सण होता ते. हिंदी अडलं तिथे मराठीत, आणि द्वारका सुजलेल्या ओठांनी त्याचं हिंदी करत होती. फौजदाराने दोन पानं लिहिली आणि तिसरं मागवलं.

पुण्याचं विमान बारा वाजून चार मिनिटांनी उडालं. विनया तेव्हा दोन हजार तेरा सालच्या दसऱ्यापर्यंत आली होती.